पेटीला काही झालेलं नाही

बाबांची पेटी घेऊन मी पुन्हा एकदा कसबा पेठेतल्या दुकानात गेले, तेव्हा दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी ती खोललीसुद्धा नाही. एका हाताने भाता मारला, दुसऱ्या हाताने एक पट्टी दाबून धरली आणि माझ्याकडे बघत राहिले. सूर सरळ, भरलेला येत होता. कुठे थरथर नाही, की गळती नाही.

"काय झालंय हिला?"

"बाबा म्हणतात, सूर सुरू होतो आणि लगेच विरतो."

"विरतोय का?"

"नाही."

"मग घेऊन जा. आधी भाता बघितला, मग आतले पितळी सूर साफ केले. अहो, पेटीला काही झालेलं नाही. आता पुन्हा आणलीत तर मी हिला दत्तकच घेईन."

पेटी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. विश्रांतवाडीपर्यंत विचार करत होते की बाबांना काय सांगायचं. गेल्या खेपेला मी म्हटलं होतं, "दुरुस्त झाली." त्यांनी घाईघाईने वाजवली, थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "नाही गं. सूर सोडून राहिली." मी समोरच बसले होते. मला सूर नीट ऐकू येत होता. तरी मी हो म्हटलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा पेटी रिक्षात घालणं सोपं होतं.

बाबा भंडाऱ्याकडचे. तरुणपणी खडकीच्या एका कारखान्यात लागले आणि पुण्याचे झाले, पण जिभेने अजून तिकडेच आहेत. दिवसभर यंत्रांच्या गडगडाटात उभे राहायचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या गायन पार्टीत पेटीवर बसायचे. जयंतीच्या दिवसांत तर घरी फक्त आंघोळीला आणि जेवायला यायचे. कान कारखान्याने खाल्ले. गेली चार वर्षं दोन्ही कानांत मशीन आहे. मशीन आल्यावर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, टीव्हीवरच्या बातम्या सुरू झाल्या, फक्त पेटी हळूहळू बंद पडली. मला वाटलं, वय झालं.

मी स्वतः काय करते हे सांगताना मला अजून अडखळायला होतं. खराडीच्या पलीकडे एका खासगी विद्यापीठात मी संगणक-संगीत शिकवते. आमच्या विभागाचं नाव मी लागल्यापासून बदलत आलंय. सध्या त्यात 'डिजिटल कला' असे शब्द आहेत. इंजिनीअर झाले, मग परदेशी जाऊन याच विषयात डॉक्टरेट केली. तिकडे लग्नही केलं. ते तिकडेच राहिलं. परत आले तेव्हा या विषयाची माणसं पुण्यात फारशी नव्हती. आजही नाहीत. रसायनशास्त्राच्या माणसाला निदान दुसरा रसायनशास्त्राचा माणूस भेटतो आणि दोघं मिळून तिसऱ्याची निंदा करतात. मला निंदेलाही जोडीदार नाही. बढतीच्या मुलाखतीत एका ज्येष्ठ सदस्यांनी माझी रचना थोडी ऐकली आणि अदबीने विचारलं, "मॅडम, आपण यात नेमकं काय केलंत?" मी उत्तर दिलं. त्यांनी मान डोलावली. दोघांनाही सुटल्यासारखं झालं.

मी काय केलं होतं ते इथे सांगते, कारण पुढे लागणार आहे. मी लांब सूर लावते. एकच सूर, वेगवेगळ्या सप्तकांत, अनेक स्पीकरमधून, इतका सावकाश बदलणारा की बदल लक्षात येऊ नये. हे मला परदेशात कुणी शिकवलं असं माझ्या गौरवपर परिचयात लिहिलेलं असतं. ते खरं नाही. मी लहान असताना पार्टीचा कार्यक्रम सुरू होण्याआधी ढोलकी सुरात लावायची असायची. त्यासाठी कुणीतरी पेटीवर एक पट्टी दाबून भाता मारत बसायला लागायचं, आणि ते काम माझ्याकडे असायचं. ढोलकीवाले काका कान लावून ठोकत राहायचे आणि बाबा सतरंजी अंथरता अंथरता ओरडायचे, "सोडू नको! मी येतो!" मग बाबा यायचे, मी उठायची, आणि गाणं सुरू व्हायचं. माझा भाग तेवढाच. पण त्या वेळी सगळा मांडव माझ्या एका बोटावर टेकलाय असं मला वाटायचं. बाकीचं शिक्षण नंतरचं.

बाबांना मी करते ते कधी कळलं नाही. "चाल कोणती आहे त्याले?" असं ते पूर्वी विचारायचे. मी सांगायची, चाल नाही. "शब्द?" शब्द नाहीत. मग ते विषय बदलायचे, कुणाच्या घरी वाईट बातमी असावी तसे. मला राग यायचा. मला कुठल्या परिषदेचं निमंत्रण नको होतं, की पुरस्कार नको होता. पन्नाशी ओलांडली तरी मला एवढंच हवं होतं की या एका माणसाने माझं काम ऐकावं आणि त्याला गाणं म्हणावं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

म्हणून मागच्या वर्षी विद्यापीठाच्याच सभागृहात माझ्या नव्या रचनेचं सादरीकरण ठरलं तेव्हा मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. सभागृहात आठ स्पीकर गोलाकार मांडले होते, मधे खुर्च्या. आम्ही राहतो त्या इमारतीखाली विजेची डीपी आहे, तिचा घुमणारा आवाज मी कित्येक महिने टिपून ठेवला होता. त्या एका सुरावर सगळी रचना उभी होती. श्रोते थोडेच होते, त्यातले बरेच हजेरीसाठी आलेले विद्यार्थी. सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर पुढच्या रांगेतले एक काका मागे वळून मला म्हणाले, "माइक टेस्टिंग अजून किती वेळ चालेल हो?" पाठोपाठ काही खुर्च्या रिकाम्या झाल्या. बाबा मात्र ताठ बसले होते, हात मांडीवर, नजर समोर. तासभर हलले नाहीत.

परतताना गाडीत मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान होतं," बाबा म्हणाले. "एकदम शांत."

मला ते लागलं. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर कुणी कौतुक केलं की मी आधी त्यातला टोमणा शोधते. एवढे स्पीकर लावून, कानठळ्या नाही तरी खुर्च्या थरथरतील इतका आवाज करून झाल्यावर 'एकदम शांत' म्हणजे काय, हे मला पुरेसं समजलं. त्या रात्री आम्ही खिचडी खाल्ली आणि त्याबद्दल पुन्हा बोललो नाही. पुढे कॉलनीतल्या एक बाई जिन्यात भेटल्या. "ताई, बाबा सांगत होते, तुम्ही ध्यानाचं संगीत करता म्हणे. पाठवा ना मला, झोप लागत नाही." मी म्हटलं, पाठवते. पाठवलं नाही. घरी येऊन बाबांवर चिडले, पण मनातच.

त्यानंतर घरात आम्ही दोघं होतो, आणि तरी मी एकटी होते. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. सकाळी चहा, "बीपीची गोळी घेतली का", "येतांनी दूध आणजो", संध्याकाळी बातम्या. मी माझ्या खोलीत हेडफोन लावून बसायची. ते बाहेर पेटीसमोर बसायचे, एक पट्टी दाबायचे, वाट बघायचे, सोडायचे. पुन्हा दाबायचे. मला वाटायचं, माणूस म्हातारा झाला की असं करतो.

पेटी कसबा पेठेतून तशीच परत आली त्याच आठवड्यात मी वर्गात ध्वनी साफ करण्याचं प्रकरण शिकवत होते. माझ्या सगळ्या विषयांत हाच लोकप्रिय आहे, कारण यावर नोकरी मिळते. दरवर्षी मी फळ्यासमोर उभी राहून तेच सांगते. बोलणं तुटक असतं, सारखं चढतं-उतरतं. पंख्याचा, एसीचा आवाज एकसारखा असतो. यंत्राला शब्द कळत नाहीत, पण हा फरक कळतो. जे बदलत नाही, तो गोंगाट समजायचा आणि कापायचा. मुलं लिहून घेतात.

सरावासाठी प्रत्येकाने एक ध्वनिमुद्रण साफ करून आणायचं होतं. एका मुलीने आपल्या शेजारच्या बाईंचं गाणं आणलं होतं. तिने लावलं. बाई एकट्या गात होत्या, इतक्या एकट्या की ऐकताना अंगावर काटा आला. कुठे आधार नाही, सूर हवेत लोंबकळतोय.

"छान साफ केलंस," मी म्हटलं. "मूळचं लाव बरं."

तिने मूळचं लावलं. मागे तानपुरा होता.

"मॅडम, मागे खूप घूं-घूं हम होता," ती उत्साहाने म्हणाली. "गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता हमच होता, सो मी तोच सॅम्पल घेतला आणि सगळ्या ट्रॅकमधून काढून टाकला. एकदम क्लीन!"

वर्गात दोन-तीन जणांना कळलं, ते हसले. मीही हसले. तिला समजावून सांगायला लागले की हा गोंगाट नाही, हा तानपुरा. तो बदलत नाही म्हणूनच तर गाणाऱ्याला त्याच्यावर उभं राहता येतं. आणि सांगता सांगताच मला पेटीसमोर बसलेले बाबा दिसले. पट्टी दाबतात, वाट बघतात. सूर सुरू होतो आणि विरतो.

मुलं माझ्याकडे बघत होती. मी तास संपवला. कसा ते आठवत नाही.

कानाच्या मशीनवाल्यांकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. तिथल्या मुलीने मशीन संगणकाला जोडलं आणि मी तिच्या पडद्यात मान खुपसली. मला जे दिसायला हवं होतं ते सगळं तिथे होतं. जो आवाज एकसारखा, तो काही क्षणांत खाली. मी वर्गात शिकवते तीच युक्ती, बाबांच्या दोन्ही कानांत, चार वर्षं.

"आजोबांना बोलणं क्लिअर यायला हवं ना, म्हणून ठेवलंय," ती म्हणाली. "पंखा वगैरे कट होतो."

"पेटीपण कट होते."

"पेटी?"

"हार्मोनियम. ते वाजवतात."

"अगं बाई. हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला."

जिने सांगायला हवं होतं ती मीच, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने गाणं ऐकण्यासाठी वेगळी सोय करून दिली. कानामागचं बटण दाबलं की कापाकापी बंद. फार वेळ लागला नाही.

घरी आल्यावर बाबांनी चप्पलसुद्धा नीट काढली नाही. पेटी पुढे ओढली, बटण दाबलं, पट्टी दाबली आणि भाता मारत राहिले. नेहमी सोडायचे तिथे सोडली नाही. धरून ठेवली. मी दारात उभी होते. त्यांचा चेहरा आधी घाबरल्यासारखा झाला, मग सैल झाला.

"आली," ते म्हणाले. "आली गं."

मग त्यांनी जुन्या चाली एकामागून एक काढल्या. बोटं चुकत होती, पण त्यांना पर्वा नव्हती. मधेच थांबून त्यांनी मान वळवली.

"हा कोण बोलून राहिला?"

"फ्रीज."

"रोज बोलते?"

"हो."

"कमाल आहे," बाबा म्हणाले. "मले वाटे, घरात आपण दोघंच आहोत."

मी हसले, आणि हसता हसता मला दुसरी गोष्ट सुचली. इतक्या उशिरा का सुचली, देव जाणे. माझी रचना. एकच सूर, तासभर, लक्षात न येण्याइतका सावकाश बदलणारा. यंत्राच्या दृष्टीने पंखाच. मी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"बाबा, मागच्या वर्षी त्या सभागृहात तुम्हाला काय ऐकू आलं होतं?"

"सांगितलं ना तुले तवाच. शांत होतं."

"म्हणजे खरंच शांत? काहीच नाही?"

"सुरुवातीले आलं काहीतरी, भुंग्यावानी. मग गेलं ते. मग शांतच." ते माझ्याकडे बघत होते, आपलं काही चुकलं का अशा नजरेने. "मले वाटलं, तुझं असंच असते. चाल नाही म्हणे, शब्द नाही म्हणे. मी म्हटलं, आता सूर बी काढून टाकला असन. विहारात बसतो ना आपण, तसं बसून राह्यचं. मी सगळ्यायले सांगितलं बी, पोरगी ध्यानाचं संगीत करते म्हणून."

"आणि तुम्ही तासभर तसेच बसलात? काही ऐकू येत नसताना?"

"लोकं उठून चालले होते," बाबा म्हणाले. "तू होती ना समोर. मी कसा उठू?"

कुकर लावायचाय असं सांगून मी स्वयंपाकघरात गेले आणि रडले. चांगली रडले. वर्षभर मी ज्या माणसावर रुसले होते, त्याने आठ स्पीकरच्या मधोमध बसून तासभर काहीही न ऐकता माझं ऐकलं होतं. माझ्या आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलेलं नाही. तज्ज्ञांनीसुद्धा नाही.

कुकर खरंच लावला. तोंड धुतलं. मग खोलीतून दोन स्पीकर बाहेर आणले, बाबांच्या दोन बाजूंना ठेवले आणि रचना लावली. लावण्याआधी वायरी दोनदा तपासल्या. परदेशात मोठमोठ्या माणसांसमोर वाजवताना असं केलं नव्हतं.

डीपीचा सूर आला. बाबा ऐकत राहिले. मी वाट बघत होते की आता विरेल, आता त्यांचा चेहरा रिकामा होईल. झाला नाही. थोड्या वेळाने त्यांनी सवयीने पेटी जवळ घेतली आणि सूर शोधायला लागले. पांढरी पाच दाबली, मान हलवली. काळी चार दाबली, पुन्हा मान हलवली.

"कोणत्याच पट्टीत बसून नाही राहिला."

"दोन्हींच्या मधे आहे. आपल्या खालच्या डीपीचा आहे तो."

"डीपीचा?" ते मोठ्याने हसले. "वायरमनले बोलावजो गाण्यासाठी."

मग पुन्हा ऐकायला लागले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी उठून गॅस बंद करून आले, तरी ते तसेच बसलेले. रचना शेवटाकडे येत होती, म्हणजे सुरुवातीसारखीच होत होती. मला विचारायचं होतं.

"सूर पक्का धरला तू," शेवटी बाबाच म्हणाले. "ढोलकी लावतांनी धरत होती, तसाच. हालला नाही. पण एवढा वेळ धरला, तर गाणार कोण आहे?"

या प्रश्नावर माझ्याजवळ एक तासाचं व्याख्यान तयार आहे. ते मी अनेक ठिकाणी दिलेलं आहे.

"कुणी नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. ते गाणं आहे की नाही हे ते बोललेच नाहीत. त्यांनी पेटीचा भाता बंद केला, कडी लावली आणि ती बाजूला सरकवली. मग तोंड मिटून घशात सूर धरला. आधी खाली लागला, मग जरा वर सरकला, आणि पांढऱ्या पाच आणि काळ्या चारच्या मधे, जिथे पट्टी नाही तिथे, बरोबर बसला. त्यावर त्यांनी एक जुनी ओळ धरली, शब्दांशिवाय, नुसती चाल. अर्ध्यातच दम संपला. खोकला आला. मी पाणी दिलं. ते प्यायले, छातीवर हात ठेवून बसले.

मी स्पीकर बंद करायला उठले.

"काहून उठली? तू गा आता."

"मला गाता येत नाही, बाबा."

"मग सोडू नको," ते म्हणाले. "मी येतो. दम घेऊन राहिलो जरा."